हितसंबंधी सदस्यांनी बाहेर जावे

“ज्या सदस्याचा अर्जदाराशी नात्याचा, गुरुशिष्यत्वाचा किंवा आर्थिक व्यवहाराचा संबंध असेल, तो सदस्य त्या प्रस्तावावरील चर्चेच्या वेळी दालनाबाहेर जाईल. या व्यवस्थेमुळे मंडळाचा निर्णय कोणाच्याही प्रभावापासून मुक्त राहतो.”

लोकधोरण संशोधन मंडळाच्या सदस्य-सचिव श्रीमती रजनी घोटणकर यांनी हे कलम आम्हा अर्जदारांना उभ्याने वाचून दाखवले, चष्मा काढला आणि “काही शंका?” असे विचारले. कोणालाही शंका नव्हती. अनुदान मागायला आलेल्या माणसांना शंका नसतात. अनुदान नाकारले गेल्यावर त्या येऊ लागतात.

मला मात्र तेव्हाच आली होती. माणूस खुर्चीवरून उठला की त्याचे वजनही चपला घालून त्याच्या मागोमाग बाहेर येते, असे कलम लिहिणाऱ्याने धरून चालले होते. शिवाय ‘मुक्त राहतो’ हे त्याने काढले कोठून? कोणी तपासून पाहिले होते काय? सरकारी धोरणांचे परिणाम मोजण्यासाठी जगाला पैसे वाटणाऱ्या या मंडळाने स्वतःच्या एकुलत्या एका नीतिनियमाचा परिणाम कधी मोजल्याचे माझ्या वाचनात नव्हते, आणि मंडळाने छापलेले सगळे मी वाचले होते.

“मॅडम, जरा हसतमुख ऱ्हावा की,” शेजारी बसलेला हनीफ मुजावर कुजबुजला. “तुमच्या कपाळावर सगळं छापून आलंय.”

हनीफ माझा सहकारी. कोल्हापुरात एका छापखान्याच्या माडीवर आमची संशोधनसंस्था होती. संस्था म्हणजे मी, हनीफ आणि एक कपाट. तो गावोगाव फिरून माहिती गोळा करी, मी तिचा अर्थ लावी, आणि माझा अर्थ त्याला पटला नाही तर तो तसे तोंडावर सांगे. त्या दिवशी आम्ही पुण्याला मंडळाच्या कार्यालयात आमचा प्रस्ताव सादर करायला आलो होतो.

प्रस्ताव साधा होता. डोंगराळ भागातल्या लहान शाळा बंद करून तिथली मुले दूरच्या मोठ्या शाळेत पाठवण्याचे सरकारने ठरवले होते. शासकीय भाषेत त्याला ‘समायोजन’ म्हणत. एका तालुक्यात ते उरकले होते. त्यावर नेमलेल्या समितीने अहवाल दिला होता की, समायोजनामुळे मुलींची शाळा सुटलेली नाही. त्या अहवालाच्या जोरावर पुढच्या जूनपासून शेजारच्या तालुक्यातल्या शाळांना कुलपे लागणार होती. त्या शाळा अजून उघड्या आहेत तोवर, याच पावसाळ्यात, कोणती मुलगी प्रत्यक्ष वर्गात येते याची नोंद आम्हाला करायची होती; आणि शाळा बंद झाल्यावर त्याच मुलींच्या घरी पुन्हा जायचे होते. कुलूप लागल्यावर ‘आधी काय होते’ हे जगात कोणालाच सांगता आले नसते. अभ्यास व्हायचा तर त्याच वर्षी व्हायला हवा होता. पैसे आम्ही इकडून तिकडून उभे केलेही असते; पण मंडळाची मान्यता असल्याशिवाय परक्या माणसाला शाळेच्या वर्गात पाऊल ठेवण्याची परवानगी नव्हती.

आता त्या समितीचे अध्यक्ष कोण होते, तेही सांगून टाकते. प्रा. दिनानाथ पेंढारकर. मंडळाचे ते ज्येष्ठ सदस्य होते आणि पीएच.डी.साठी माझे मार्गदर्शक. प्रस्ताव धाडण्यापूर्वी मी त्यांना दाखवला होता. तो वाचून ते प्रसन्न हसले होते.

“माझ्याच अहवालावर तोफ रोखतेस तर!”

“तपासून बघायचंय, सर.”

“बघ ना. मी चुकलो असलो तर सर्वांत जास्त आनंद मलाच होईल, शालन. ज्ञान पुढं जातं ते असंच.”

या जगात मी प्रत्येकाच्या प्रत्येक वाक्याकडे संशयाने पाहत असे. हे वाक्य मी तसेच घेतले, कारण संशय घ्यायला मला त्यांनीच शिकवले होते.

सादरीकरणे सुरू झाली. अर्जदाराने आत जायचे, आपले म्हणणे मांडायचे आणि बाहेर यायचे. मग आत चर्चा होई. बाहेर लांबलचक व्हरांडा होता, त्यात दोन बाकडी आणि चहाची किटली. पहिले अर्जदार बाहेर आले आणि त्यांच्या पाठोपाठ मंडळाचे एक सदस्य, निवृत्त आयुक्त खांबेटेही आले. धिप्पाड गृहस्थ. त्यांनी स्वतःच चहा ओतून घेतला आणि हनीफच्या शेजारी ऐसपैस बसले.

“आत माझ्या जावयाच्या संस्थेचं चाललंय,” ते कोणी न विचारता म्हणाले. “कलम म्हणजे कलम. बिस्किटं नाहीत वाटतं आज?”

“जावई हुशार असतील, साहेब,” हनीफ म्हणाला.

“जावई यथातथाच आहे हो. मुलगी हुशार आहे.”

चहा संपायच्या आत त्यांना आत बोलावणे आले. पुढच्या एका प्रस्तावाला एक प्राध्यापिका बाहेर आल्या. आत त्यांच्या विद्यार्थ्याचे काम होते. त्यांनी पिशवीतून विणकाम काढले, चार टाके घातले आणि परत गेल्या. मग आणखी एक गृहस्थ आले, फोनवर बोलले, गेले. काही प्रस्तावांना मात्र कोणीच बाहेर आले नाही आणि त्या वेळी दार बराच वेळ बंद राहिले. नियमाचे इतके तंतोतंत पालन मी कोणत्याही सरकारी इमारतीत पाहिले नव्हते आणि त्यामुळेच मला ते आवडत नव्हते.

माझी पाळी आली. लांब टेबलाभोवती सदस्य बसले होते. टोकाला पेंढारकर सर, हातातल्या पेनाचे टोपण काढघाल करत. मी बोलले. समितीने पाहणी कधी केली होती, हे मी मुद्दाम सांगितले: फेब्रुवारीत, म्हणजे डोंगरातले ओढे कोरडे पडलेले असतात तेव्हा. आणि समितीने मोजली होती ती हजेरीपटावरची नावे, वर्गातल्या मुली मोजल्याच नव्हत्या. शाळा सोडलेल्या मुलीचे नावही पटावर राहू शकते, कारण पट घसरला तर शिक्षकाची जागा जाते.

सर टोपण काढत होते आणि घालत होते. प्रश्न विचारला तो खांबेट्यांनी.

“गावांची नावं सांगता?”

“प्रस्तावात आहेत, साहेब.”

“मी तुमच्या तोंडून ऐकतो.”

मी नावे सांगितली. त्यांनी ती स्वतःशी पुटपुटून पाहिली. “नदीच्या अलीकडची की पलीकडची?” त्यांनी विचारले. पलीकडची, असे मी सांगितले. “बरं,” एवढेच म्हणून त्यांनी मागे रेलून डोळे मिटले. ही नावे आता कोणाच्या कानावर जाणार, याचा माझ्या मनात हिशेब सुरू झाला.

मी बाहेर आले. माझ्या मागोमाग दार बंद झाले आणि ते उघडले नाही.

“तुमचे सर आले न्हाईत,” थोड्या वेळाने हनीफ म्हणाला.

“माझ्या लक्षात आलंय.”

“मग कलमाचं काय?”

“लढत असतील आत. स्वतःच्या अहवालाविरुद्धच्या अभ्यासाची बाजू मांडायला धैर्य लागतं.”

“असंल,” तो म्हणाला आणि किटलीत चहा उरलाय का ते बघायला उठला. त्याचा तो ‘असंल’ मला ओळखीचा होता. माझा अर्थ त्याला पटला नाही की तो हाच शब्द काढी.

सर बाहेर आले ते सगळे संपल्यावर. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “छान मांडलंस. आवाज थोडा चढला होता.”

निकाल यायला काही आठवडे लागले. आमचा प्रस्ताव ‘मंडळाच्या प्राधान्यक्रमात बसत नाही’ असे ठरले होते. त्याआधीच आणखी एक गोष्ट घडली होती. पलीकडच्या काठावरच्या एका शाळेचे मुख्याध्यापक चौगुले आमचे चांगले परिचित होते. हनीफ गेला की आधी भाकरी खायला बसवत. ते या वेळी त्याला शाळेच्या फाटकातच भेटले आणि म्हणाले, “मुजावर, आता कागद असल्याबिगर येऊ नका. वरून सांगणं आलंय. माझी नोकरी खाऊ नका, बाबा.”

वरून म्हणजे कोठून, हे सांगायला चौगुले धजले नाहीत. पण गावांची नावे माझ्या तोंडून वदवून घेणारा माणूस एकच होता.

“खांबेटे,” मी म्हटले.

हनीफ छापखान्याच्या माडीवर खिडकीत बसून मंजूर झालेल्या प्रस्तावांची नावे मोबाईलवर वाचत होता. “मॅडम, एक गंमत बघा. ज्याच्या ज्याच्या वेळेला कोण तरी बाहेर येऊन चहा प्यालं, ते समदे पास. जावई पास. विणकामवाल्या बाईंचा विद्यार्थी पास. फोनवाल्याचं काय ते, तेबी पास.”

“आणि ज्यांच्या वेळेला कोणी आलं नाही?”

“एखाद-दुसरा. बाकी आपल्या पंगतीला.”

“नमुना फार लहान आहे, हनीफ. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही.”

“असंल,” हनीफ म्हणाला.

मी खांबेट्यांविरुद्ध तक्रार तयार केली आणि ती स्वतः घेऊन पुण्याला गेले. घोटणकरबाईंच्या खोलीत शिरले तेव्हा त्यांनी डबा उघडलेला होता. समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवून त्यांनी झाकणात भाकरी आणि मेथी वाढून माझ्यापुढे सरकवली. मी खाणार नाही म्हटले. त्यांनी ऐकल्याचे दाखवले नाही.

“खांबेटे साहेबांनी गोपनीय माहिती बाहेर दिली, असं माझं म्हणणं आहे,” मी सुरुवात केली. “चर्चेत त्यांनी जो विरोध केला, तोही—”

“त्यांनी विरोध केला?”

“नावं त्यांनीच विचारली.”

“ते त्या भागात प्रांत होते तरुणपणी. पुरात अडकले होते तिथं.” बाईंनी घास संपवला. “म्हणाले, गावं बरोबर निवडलीत पोरीनं, तिथले ओढे मी बघितलेत. टेबलाभोवती तुमच्या बाजूनं बोललेला तो एकटा माणूस.”

मी भाकरीचा तुकडा मोडला.

“मग नाकारलं कोणी?”

“कोणीच नाही.” त्यांनी दाराकडे पाहिले आणि आवाज खाली न आणता, ऑफिसातल्या रोजच्या कामाबद्दल सांगावे तशा सांगू लागल्या. “तुम्ही इतकं वाचता, आणि एवढं साधं कळलं नाही तुम्हाला? इथं कोणाचाही प्रस्ताव चर्चेवर ठरत नाही, डॉक्टर. आपल्या माणसाचा प्रस्ताव आला की सदस्य उठतो. तो उठला की उरलेल्यांना कळतं, हा याचा. मग कोणी मोडता घालत नाही, कारण थोड्या वेळानं त्यांनाही उठायचं असतं. कलमात लिहिलंय बाहेर जा. ते जातात. मी तशी नोंद करते. लेखापरीक्षणात आजवर एक आक्षेप नाही.”

“आणि माझ्या वेळेला?”

“तुमचं नाव पुकारलं. तुम्ही बोलून बाहेर गेलात. सगळ्यांनी मान वळवून पेंढारकर सरांकडे पाहिलं. अध्यक्ष तर थांबले होते, सर उठतील म्हणून. ते पेनाचं टोपण लावत बसले.” बाईंनी डब्याचे झाकण बंद केले. “खांबेटे बोलले, ते मी सांगितलंच. मग अध्यक्षांनी विचारलं, ‘पेंढारकर, तुमचं काय?’ सर म्हणाले, ‘माझं काही नाही.’ झालं. ज्याची विद्यार्थिनी तोच हलत नाही म्हटल्यावर कोण कशाला हात घालेल?”

“पण ते तिथं बसायलाच नको होते. कलमाप्रमाणं—”

“करा ना तशी तक्रार.” त्या पहिल्यांदाच हसल्या. “लिहा, माझ्या प्रस्तावाच्या वेळेला माझेच गुरू दालनात बसून होते. वाचणारा काय म्हणेल, सांगा बरं? तुमच्यासाठी वशिला लावायला बसले, असंच म्हणेल. पुढच्या वेळेला अर्ज करायला तुम्हीच अपात्र ठराल. मीच ठरवीन, कलमाप्रमाणं.”

“आणि शाळांना सांगणं कोणाचं आलं?”

“ते मला माहीत नाही.” दोन्ही हात टेबलावर ठेवून त्यांनी क्षणभर विचार केला. “खांबेटे साहेबांना त्या खात्यात आता कुत्रं विचारत नाही. पेंढारकर सरांचा फोन मात्र मंत्र्यांचा पीए उभ्यानं घेतो. तुमची भाजी तशीच राहिली.”

तेथून मी रिक्षा करून सरळ सरांच्या घरी गेले. दुपारची वेळ होती. काकूंनी दार उघडले, “अगं, कळवायचंस तरी,” म्हणाल्या आणि मला बसवून कोकम सरबत करायला आत गेल्या. सर अभ्यासिकेत होते. चारी भिंतींना छतापर्यंत पुस्तके होती, त्यांतली निम्मी मी त्यांच्याकडून नेऊन वाचली होती.

“वाईट वाटून घेऊ नकोस,” ते म्हणाले. “पुढच्या वर्षी पुन्हा टाक.”

“पुढच्या वर्षी शाळा नसतील, सर.”

“मग समायोजनानंतरचा अभ्यास कर. विषय कुठं पळून जातोय?”

“आधीची नोंद नसेल तर नंतरच्या अभ्यासाला काय अर्थ? हे तुम्हीच पहिल्या वर्षी फळ्यावर काढून दाखवलं होतं आम्हाला.”

त्यांनी मान डोलावली, एखाद्या विद्यार्थिनीने बरोबर उत्तर दिल्यावर डोलवत तशीच.

“तुम्ही उठला का नाहीत?”

“कुठून?”

“सर.”

काकूंनी सरबत आणून ठेवले. “हिला आज जेवूनच जाऊ द्या हो,” असे म्हणून त्या गेल्या. सरांनी पेला माझ्याकडे सरकवला.

“मी तुझ्यासाठी बसलो होतो,” ते म्हणाले. “कोणी आडवंतिडवं बोललं तर उत्तर द्यायला कोणीतरी हवं.”

“खांबेटे माझ्या बाजूनं बोलले. तुम्ही काय बोललात?”

“तुला कोणी सांगितलं हे? बैठकीतलं बाहेर येता कामा नये.”

“‘माझं काही नाही,’ एवढंच बोललात.”

“ते खरंच होतं. तुझा अभ्यास तुझा. माझं त्यात काय?” ते उठून खिडकीपाशी गेले. “आणि हे बघ, उठलो असतो तर तू माझ्या मेहेरबानीवर पास झाली असतीस. तुला चाललं असतं? तुला? तू तर तो पैसा परत केला असतास, मी ओळखतो तुला. मी त्या घाणीतून तुला बाहेर ठेवलं.”

हा युक्तिवाद इतका सुबक होता की, मी काही क्षण त्याच्यावर विश्वास ठेवला. मग त्या युक्तिवादाला मी तो प्रश्न केला, जो त्यांनी आम्हाला प्रत्येक अहवालाला विचारायला शिकवले होते: हे खरे असेल तर आणखी काय काय दिसायला हवे?

“मग चौगुलेंच्या शाळेला फोन कशाला केलात?”

ते वळले नाहीत.

“मला घाणीतून बाहेर ठेवायचं होतं, तर ते मंडळातच झालं होतं. शाळेचं फाटक कशाला लावून घेतलंत? मी स्वतःच्या खर्चानं, मुख्याध्यापकांच्या ओळखीवर मुली मोजीन, हे फक्त तुम्हालाच सुचू शकतं. खांबेट्यांना ते सुचणार नाही. ते मला ओळखत नाहीत.”

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. आतून काकूंनी कुकर लावल्याचा आवाज आला.

“तुम्ही फेब्रुवारीत का गेलात, सर?” मी विचारले. “समितीला जुलैही मोकळा होता.”

“तारखा मी नाही ठरवल्या.”

“अध्यक्ष तुम्ही होता.”

“शालन, मी अहवाल दिला नसता तरी समायोजन थांबलं नसतं. दुसऱ्या कोणीतरी लिहिला असता, माझ्याहून वाईट. मी निदान वाहनाची शिफारस घातली त्यात.”

“वाहन आलं?”

ते परत येऊन खुर्चीत बसले. एकाएकी थकलेले दिसले, पण मला त्यांची दया आली नाही. ती का आली नाही, याचा मी तेव्हाही विचार केला आणि त्यानंतरही अनेकदा केला आहे.

पुढच्या जूनला शाळांना कुलपे लागली. सरकारचा दावा असा की, तिथे एकाही मुलीची शाळा सुटलेली नाही, आणि हा दावा खोडून काढता येईल असा एकही आकडा आज कोणाकडे नाही. पेंढारकर सरांचा अमृतमहोत्सव थाटात झाला. गौरवग्रंथासाठी माझ्याकडेही लेख मागितला गेला होता. मी लेख पाठवला नाही. त्या दुपारी त्यांनी त्या खुर्चीत बसून जे सांगितले, तेवढेच माझ्यापाशी त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखे आहे. मी त्यात एका शब्दाचीही दुरुस्ती करत नाही:

“आम्ही गेलो तेव्हा ओढा कोरडा होता. त्याच्या काठावर एक बाई कपडे वाळत घालत होती. मी तिला विचारलं, पावसात मुलगी कशी जाते? ती म्हणाली, पावसात नाही जात, आणि पावसानंतर मग जायचं राहूनच जातं. मी ते लिहून घेतलं नाही. त्या मुली जात नाहीत हे मला अहवालावर सही करतानाच ठाऊक होतं, शालन. तू गेली असतीस तर तू ते लिहून घेतलं असतंस. म्हणून मी बसून राहिलो.”